झिजलेल्या खाचांचा प्रश्न

वीस-पंचवीस वर्षे वापरात राहिलेली गोल्फची एखादी वेज काठी हाती घ्यावी आणि तिच्या लोखंडी मुखावरून अंगठ्याचे नख तळापासून माथ्याकडे सावकाश फिरवावे. मुखाच्या टोकाकडील भागात, जिथे चेंडू क्वचितच लागतो, नख प्रत्येक खाचेत अडकते आणि पुढे सरकण्यास किंचित जोर मागते. मध्यभागी मात्र, जुन्या रुपयाएवढ्या एका वर्तुळात, तेच नख जवळजवळ निर्विघ्नपणे घसरत जाते. या दोन स्पर्शांतील अंतर इंचाच्या काही सहस्रांशांचे असते. परंतु एवढ्याशा अंतरापायी गेल्या शंभर वर्षांत दोन खंडांतील नियामक संस्थांना आपले मसुदे पुनःपुन्हा बदलावे लागले, एका कारखानदाराने कोट्यवधी डॉलरांची फिर्याद गुदरली, आणि जुनी काठी बाळगणाऱ्या सामान्य खेळाडूपुढेही एक प्रश्न कायमचा उभा राहिला: या झिजलेल्या खाचा पुन्हा उकरून तीक्ष्ण कराव्यात की नाहीत?

याकरिता लागणारे हत्यार बाजारात सहज मिळते. पेचकसासारखी मूठ आणि पुढे कठीण पोलादाचे कोनदार टोक, एवढेच त्याचे स्वरूप. ते खाचेत घालून ओढावयाचे, की जुनी काठी नवी झाली, असे विक्रेता सांगतो. खेळाडू या हत्याराकडे आशेने पाहतो, संग्राहक भीतीने पाहतो, लोहकाम जाणणारा धातूची जात विचारतो, आणि नियमांचा अभ्यासक काठीची साल-तारीख विचारतो. या चौघांची उत्तरे एकत्र मांडली की प्रश्नाचे खरे रूप दिसू लागते. माझे मत आरंभीच नमूद करतो, म्हणजे पुढील विवेचन कोणत्या दिशेने जात आहे याविषयी वाचकाच्या मनात संदेह राहणार नाही. खाच स्वच्छ करणे ही दुरुस्ती होय. खाच पुन्हा कापणे ही नवी निर्मिती होय. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच पुष्कळ चांगल्या काठ्या वाया गेल्या आहेत आणि पुष्कळ प्रामाणिक खेळाडू नकळत नियमबाह्य ठरले आहेत.

खाचांमुळे चेंडूला फिरकी मिळते, हा समज सार्वत्रिक असला तरी अर्धाच खरा आहे. गोल्फच्या चेंडूचा व्यास कमीत कमी १.६८ इंच आणि वजन जास्तीत जास्त १.६२ औंस, म्हणजे सुमारे ४६ ग्रॅम, असावे असा नियम आहे. आणि हा चेंडू काठीच्या मुखाला टेकून राहतो तो काळ सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतका असतो. तेवढ्या अवधीत तो चेपला जातो, कललेल्या मुखावरून वर चढू पाहतो, आणि धातू व चेंडूचे आवरण यांच्यातील घर्षण त्यास उलटी फिरकी देते. मुख कोरडे, चेंडू कोरडा आणि दोहोंमध्ये दुसरे काहीही नाही, अशा स्थितीत हे घर्षण सपाट पोलादही पुष्कळ अंशी पुरवू शकते. बारीक कापलेल्या फेअरवेवरून मारलेल्या स्वच्छ फटक्यात झिजलेल्या आणि नव्या खाचांमधील तफावत खेळाडूच्या कल्पनेपेक्षा बरीच लहान असते. खाचांचे खरे काम सुरू होते ते चेंडू उंच गवतात, रफमध्ये, जाऊन बसतो तेव्हा. गवताचे पाते मुख व चेंडू यांच्यामध्ये चिरडले जाते, त्याचा रस आणि दंवाचे पाणी यांचा एक निसरडा पापुद्रा तयार होतो, आणि घर्षण एकाएकी नाहीसे होते. मोटारीच्या चाकावरील नक्षी ज्याप्रमाणे रस्त्यावरचे पाणी आपल्या चरांत घेऊन रबराला जमीन मिळवून देते, त्याप्रमाणे खाच हा रस आपल्या पोटात घेते आणि तिच्या कडा चेंडूच्या आवरणाला धरतात. खाच भरलेली किंवा तिची कड गोलावलेली असेल, तर चेंडू फिरकीविना सुटतो, अपेक्षेपेक्षा लांब जातो आणि ग्रीनवर उतरून थांबण्याऐवजी धावत सुटतो. खेळाडू अशा फटक्याला ‘फ्लायर’ म्हणतात. खाचेचे आकारमान आणि तिच्या कडेची तीक्ष्णता, या दोनच गोष्टींभोवती पुढचा सर्व इतिहास फिरतो.

तो इतिहास सपाट मुखापासून सुरू होतो. एकोणिसाव्या शतकात सेंट अँड्र्यूज व आसपासच्या गावांतील लोहार ज्या लोखंडी काठ्या घडवीत त्यांच्या मुखावर काहीही कोरलेले नसे. कोरीव काम प्रथम चेंडूवर आले. गटापर्चाचा गुळगुळीत चेंडू हवेत डळमळतो आणि काठीचे घाव बसून खडबडीत झालेला जुना चेंडू सरळ जातो, हे खेळाडूंच्या ध्यानी आल्यावर नव्या चेंडूंवरच हातोडीने खुणा पाडण्याची चाल पडली. पुढे १८९८ च्या सुमारास अमेरिकेत हॅस्केलने रबराचे सूत गुंडाळलेला चेंडू काढला आणि १९०२ मध्ये सँडी हर्डने त्याच चेंडूने ओपन स्पर्धा जिंकली. हा चेंडू जुन्यापेक्षा चपळ होता, ग्रीनवर थांबविणे कठीण जाई. आणि त्यास आवर घालण्याच्या खटाटोपात काठीच्या मुखावर ठिपके, तुटक रेषा, उभ्या-आडव्या जाळ्या, असे नाना प्रकार उमटू लागले. पहिल्यापहिल्या काठ्यांवरील ठिपके लोहाराने एकेक करून हाताने ठोकलेले असत. त्यांच्या ओळी किंचित वाकड्या असतात, अंतरे विषम असतात, आणि जाणकार माणूस त्या वाकडेपणावरूनच काठीचे वय सांगतो.

मग कोणीतरी विचार केला, की रेषा कोरावयाची तर खोल का कोरू नये? पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे मुखावर रुंद व खोल चर पाडलेल्या काठ्या बाजारात आल्या आणि त्यांची नावेही चेंडू जागच्या जागी थांबविण्याचे वचन देणारी असत. १९२१ च्या जून महिन्यात सेंट अँड्र्यूज येथे जॉक हचिसनने ओपन स्पर्धा जिंकली ती अशाच चरांच्या काठ्यांनी. हचिसन त्याच गावी जन्मलेला, पण अमेरिकेत जाऊन तेथील नागरिक झालेला. पहिल्याच फेरीत आठव्या होलवर त्याने एका फटक्यात चेंडू भोकात घातला आणि नवव्यावर तो तसाच जाता जाता राहिला. अखेरीस रॉजर वेदरेड या हौशी खेळाडूशी बरोबरी झाली आणि छत्तीस होलांच्या निर्णायक फेरीत हचिसनने त्यास हरविले. वेदरेडला तिसऱ्या फेरीत मागे सरताना आपल्याच चेंडूवर पाय पडल्याबद्दल एका फटक्याचा दंड झाला होता, ही गोष्ट स्कॉटलंडमध्ये आजही हळहळीने सांगितली जाते. हचिसनच्या खेळात काही उणे होते असे कोणी म्हणत नाही. परंतु त्याच्या विजयामागे हात किती आणि लोखंड किती, हा प्रश्न विचारला गेलाच, आणि रॉयल अँड एन्शंट क्लबने लवकरच खोल चरांच्या काठ्यांना मनाई केली. अमेरिकेच्या युनायटेड स्टेट्स गोल्फ असोसिएशननेही १९२४ पासून तोच मार्ग धरला. खाचेचे माप हा कायद्याचा विषय झाला तो तेव्हापासून.

पुढील साठ वर्षे खाचेचा छेद इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा राहिला. त्याचे कारण नियमात होते तितकेच कारखान्यातही होते. घडीव लोखंडाच्या मुखावर ठसा दाबून खाच पाडावयाची तर ती वर रुंद व खाली निमुळती असणेच सोयीचे, कारण उभ्या भिंतींची खाच ठशाला सहजी सोडत नाही. मेणाचा नमुना करून त्याभोवती साचा बांधावयाचा आणि त्यात पोलाद ओतावयाचे, ही पद्धत काठ्यांच्या धंद्यात रूढ झाल्यावर ही अडचण उरली नाही. उभ्या भिंतींची व सपाट तळाची, ‘यू’ अक्षरासारखी खाच सुलभ झाली, आणि १९८४ मध्ये नियमांनीही तिला मान्यता दिली. दिसावयास हा बदल कारखानदारांच्या सोयीचा होता. परंतु तेवढ्याच रुंदीच्या ‘व्ही’ खाचेपेक्षा ‘यू’ खाचेच्या पोटात कितीतरी अधिक रस मावतो, हे साधे क्षेत्रगणित त्या वेळी फारसे कोणी मांडून पाहिले नसावे असे वाटते.

येथे कार्स्टन सोल्हाइम या विलक्षण माणसाचा प्रवेश होतो. १९११ मध्ये नॉर्वेत जन्मलेला, बालपणीच अमेरिकेत गेलेला, जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनीयर म्हणून नोकरी करताना उशिरा गोल्फ शिकलेला, आणि आपला पटर नीट चालत नाही म्हणून स्वतःच घरी एक बनवून पाहणारा हा गृहस्थ पुढे पिंग कंपनीचा संस्थापक झाला. त्याच्या ‘आय २’ या आयर्न काठ्या १९८० च्या दशकात अमर्याद लोकप्रिय झाल्या. या काठ्यांना ‘यू’ खाचा दिल्यावर खेळाडूंची तक्रार आली, की तीक्ष्ण कडा चेंडूचे मऊ आवरण सोलून काढतात. सोल्हाइमने इंजिनीयराच्या सरळ बुद्धीने कडा किंचित गोलावून टाकल्या. या गोलाईतूनच सर्व रामायण घडले. दोन खाचांमधील सपाट जागा खाचेच्या रुंदीच्या निदान तिप्पट असावी असा नियम होता. कड गोलावली की खाच नेमकी कोठे सुरू होते आणि सपाटी कोठे संपते, हेच संदिग्ध होते. असोसिएशनच्या पद्धतीने मोजले तर खाच रुंद ठरे आणि अंतर कमी पडे. सोल्हाइमच्या मापाने काठी निर्दोष ठरे. वाद इंचाच्या काही सहस्रांशांचा, पण दोन्ही पक्ष तत्त्वाला धरून बसलेले. दरम्यान १९८७ च्या होंडा क्लासिक स्पर्धेत मार्क कॅल्काव्हेकियाने दाट रफमधून मारलेला आठ नंबरच्या आयर्नचा फटका ग्रीनवर असा थांबला, की जुन्या पिढीच्या खेळाडूंनी तो पुरावा म्हणून पुढे केला. १९८९ मध्ये सोल्हाइमने असोसिएशनवर दहा कोटी डॉलरांची फिर्याद केली. १९९० च्या जानेवारीत तडजोड झाली. तडजोडीचे कलम असे, की १ एप्रिल १९९० पूर्वी तयार झालेल्या ‘आय २’ काठ्या कायमच्या ग्राह्य मानाव्यात आणि त्यानंतरच्या काठ्यांत खाचांचे अंतर नियमाप्रमाणे ठेवावे. व्यावसायिकांच्या पीजीए टूरने ‘यू’ खाचांवरच सरसकट बंदी घालण्याचे ठरविले होते. तिच्याविरुद्धही सोल्हाइमने न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळविला आणि १९९३ मध्ये तेही प्रकरण समेटाने मिटले.

मला या प्रकरणात सोल्हाइमचा पक्ष पुष्कळसा न्याय्य वाटतो. त्याने कडा गोलावल्या त्या चेंडू वाचविण्यासाठी, फिरकी वाढविण्यासाठी नव्हे. आणि ज्या मापनपद्धतीने त्यास दोषी ठरविले ती गोलावलेल्या कडेचा विचार करून तयार झालेलीच नव्हती. परंतु या वादाने सिद्ध केलेली एक गोष्ट आपल्या विषयाच्या मुळाशी आहे: खाचेच्या कडेला हात लावला की खाचेची रुंदी बदलते, आणि रुंदी बदलली की शेजारच्या खाचेशी असलेले तिचे नाते बदलते.

तडजोडीमुळे १९९० पूर्वीची जुनी काठी ही जणू जुन्या सनदेसारखी झाली आणि त्या सनदेचे मोल २०१० मध्ये एकाएकी वाढले. दोन्ही नियामक संस्थांनी २००८ मध्ये जाहीर केलेला नवा नियम १ जानेवारी २०१० पासून व्यावसायिकांच्या वरिष्ठ स्पर्धांत लागू झाला. खाचेची रुंदी ०.०३५ इंच आणि खोली ०.०२० इंच, या जुन्या मर्यादा राहिल्याच. त्यांत भर अशी पडली, की २५ अंश किंवा त्याहून अधिक कललेल्या काठ्यांत खाचेच्या छेदाचे क्षेत्रफळ, रुंदी व अंतर यांच्या बेरजेच्या प्रमाणात, एका ठराविक हद्दीबाहेर जाऊ नये आणि कडेची गोलाई ०.०१० इंच त्रिज्येहून कमी नसावी. म्हणजे पोटही आखडले आणि धारही बोथट झाली. सामान्य खेळाडूंना त्यांच्या जुन्या काठ्या वापरण्याची निदान २०२४ पर्यंत मुभा देण्यात आली. परंतु पिंगची १९९० पूर्वीची काठी न्यायालयीन तडजोडीने सुरक्षित असल्यामुळे नव्या नियमाच्याही कक्षेबाहेर राहिली, आणि जानेवारी २०१० मध्ये टॉरी पाइन्स येथील स्पर्धेत फिल मिकेल्सनने वीस वर्षांपूर्वीची ‘आय २’ वेज आपल्या थैलीतून बाहेर काढली. एका सहखेळाडूने त्यास उघडपणे फसवणूक म्हटले आणि नंतर क्षमा मागितली. नियमाच्या अक्षराप्रमाणे मिकेल्सन निर्दोष होता. अखेर त्याच वर्षी मार्चमध्ये सोल्हाइमचे चिरंजीव जॉन यांनी व्यावसायिक स्पर्धांपुरता आपल्या कंपनीचा हा हक्क स्वखुशीने सोडून दिला. न्यायालयात मिळविलेला हक्क खेळाच्या शांततेसाठी सोडणारे कारखानदार विरळा, म्हणून ही गोष्ट अधिक प्रसिद्धीस पात्र होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. नियमांत झिजेबद्दल विलक्षण औदार्य आहे. नियमानुसार असलेली काठी नित्याच्या वापराने झिजून तिचे गुणधर्म बदलले, तरी ती नियमानुसारच मानली जाते. वाळूने कड गोलावली, खाच उथळ झाली, मुखावर खड्डा पडला, तरी कोणी तक्रार करू शकत नाही. पण हे औदार्य कालगतीने घडलेल्या बदलापुरतेच आहे. पुन्हा खाचा पाडणे, मुख घासून नवे करणे, वाळूचा मारा करून ते खरखरीत करणे, अशा हेतुपुरस्सर फेरफाराने जुन्या काठीची सवलत संपते आणि ती कितीही जुनी असली तरी २०१० च्या मापांना बांधली जाते. हे कलम प्रथमदर्शनी कठोर वाटते. विचारांती ते न्याय्य वाटते. जात्याच्या तळीला टाकी लावून घेणे हा जात्याच्या आयुष्याचाच भाग आहे. दळून दळून गुळगुळीत झालेला दगड टाकीवाली आली की पुन्हा खडबडीत होतो, आणि त्यामुळे जाते नवे झाले असे कोणी म्हणत नाही, कारण जात्याला दळण्याखेरीज दुसरी मर्यादा नाही. काठीचे तसे नाही. तिच्या खाचेला रुंदी, खोली, अंतर आणि गोलाई अशा चार मर्यादा आहेत, आणि घरगुती हत्यार त्यांपैकी एकीचेही माप घेत नाही.

हे कोरडे विधान वाटू नये म्हणून थोडे गणित मांडतो. समजा, एका काठीच्या खाचा ०.०३० इंच रुंद आहेत आणि दोन खाचांमध्ये ०.०९० इंच सपाटी आहे; म्हणजे तिप्पट अंतराचा नियम काठावर का होईना, पाळला गेला आहे. हत्याराच्या चार-सहा ओढींत प्रत्येक भिंत दोन सहस्रांशांनी जरी सरकली, तरी रुंदी ०.०३४ होते, सपाटी ०.०८६ वर येते, आणि नियमाने हवे असलेले अंतर आता ०.१०२ इंच असते. रुंदी अजून ०.०३५ च्या आत आहे, डोळ्यांना काहीही दिसत नाही, आणि काठी बाद झालेली आहे. सोल्हाइमवर जो आरोप आला तोच दोष असा नकळत घरच्या मेजावर घडतो. शिवाय कडेची गोष्ट आहेच: नियम कडेला गोलाई मागतो आणि हत्यार तिला धार देते, तेव्हा हत्याराने आपले काम जितके चोख बजावले तितकी काठी नियमापासून दूर गेली. जुन्या नियमांतही खाचांना तीक्ष्ण कड किंवा उचललेली किनार असू नये, आणि ते बोटाने चाचपून ठरवावे, असे सांगितलेले होते. बाद काठीने स्पर्धेत एक फटका जरी मारला, तरी शिक्षा अपात्रतेची आहे.

समजा, स्पर्धा खेळावयाचीच नाही. मित्रांबरोबर रविवारची फेरी एवढीच महत्त्वाकांक्षा आहे. मग धातूचा विचार करावा लागतो, आणि माझ्या मते येथेच सर्वांत अधिक सावधगिरी हवी. जुन्या काठ्या एका जातीच्या नसतात. घडीव काठ्या बहुधा सौम्य पोलादाच्या, शेकडा ०.२० ते ०.२५ कार्बनच्या, आणि वर निकेल व क्रोमचा मुलामा असलेल्या असतात. ओतीव काठ्यांत ‘१७-४’ किंवा ‘४३१’ या नावांनी ओळखली जाणारी न गंजणारी पोलादे आढळतात. सौम्य पोलादावर हत्यार लोण्यासारखे चालते आणि तोच धोका असतो, कारण हाताला विरोध जाणवत नाही आणि हवे त्याहून अधिक धातू निघून जातो. ‘१७-४’ वर ते घसरते, आणि घसरलेले टोक खाच सोडून मुखावर जो ओरखडा काढते तो पुसता येत नाही. मुलाम्यातील क्रोमचा थर मायक्रॉनच्या अंशात मोजावा इतका पातळ असतो. कड उकरली की तो प्रथम तुटतो आणि उघड्या पडलेल्या लोखंडात दमट हवा शिरते. काही खेळाडू मुलामा नसलेली, गंज धरणारी वेज मुद्दाम वापरतात, तो निराळा विषय. तिथे गंज सर्व मुखावर सारखा येतो. मुलाम्याच्या काठीत तो खाचेच्या कडेखाली शिरतो आणि मुलाम्याला पापुद्र्याप्रमाणे उचलतो.

एका जातीच्या काठीबद्दल मात्र सल्ल्याऐवजी स्पष्ट मनाईच केली पाहिजे. १९८० च्या दशकात बेरिलियम-तांब्याच्या काठ्या फार नावाजलेल्या होत्या. पिंग ‘आय २’ सुद्धा त्या धातूत मिळे. त्यांचा रंग तांबूस-पिवळा असतो आणि वयपरत्वे तपकिरी होतो. हातात धरण्यास व खेळण्यास त्या पूर्णपणे निर्धोक आहेत. परंतु त्यांना कानस, उकरणी किंवा विजेवर फिरणारे घासण्याचे चाक लावले की उडणारी बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसांत जाते, आणि बेरिलियमच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा विकार जीर्ण, दुःसाध्य असतो. जुन्या सामानाच्या दुकानात अशी काठी मिळाली, ती चमकवावी असे वाटले आणि घरातच, मुलेबाळे वावरत असताना, घासायला घेतली, असे घडणे अगदी शक्य आहे. उकरण्याच्या हत्याराच्या पेटीवर छापलेल्या सूचनेत ही गोष्ट ठळकपणे यावयास हवी, आणि ती क्वचितच येते, याची मला खंत वाटते.

एवढे ऐकूनही ज्यास खाच उकरावयाचीच आहे, त्याने निदान टाकाऊ काठीवर हात बसवून घ्यावा. काठी लाकडाच्या किंवा रबराच्या ओठांच्या व्हाइसमध्ये धरावी, खाचेचा छेद ‘व्ही’ की ‘यू’ हे भिंगातून पाहून त्याच आकाराचे टोक निवडावे, तेलाचा एक थेंब सोडावा, आणि हलक्या हाताने एका दिशेने ओढावे; पुढेमागे घासू नये. ओढीबरोबर कडेला धातूची बारीक किनार उचलली जाते, तिला कारखान्यात ‘बर’ म्हणतात. ती काढली नाही तर पहिल्याच फटक्यात चेंडूचे आवरण खरवडले जाते. मी एकदा बंकरमध्ये आयुष्य घालविलेल्या एका जुन्या वेजवर हा प्रयोग केला, तेव्हा सहाव्या खाचेशी टोक घसरले आणि काठीच्या मुखावर एक तिरकी रेघ उमटली. ती काठी आजही माझ्यापाशी आहे, आणि चेंडूसमोर ती मांडली की डोळा खाचांकडे न जाता त्या रेघेकडे जातो.

हिकरी लाकडाच्या दांड्यांच्या जुन्या काठ्यांविषयी तर चर्चाच नको. सेंट अँड्र्यूजचा काठ्या घडविणारा कारागीर टॉम स्टुअर्ट याची चिलमीची मुद्रा असलेल्या मॅशी किंवा निब्लिक या जुन्या लोखंडी काठीवर हाताने ठोकलेले ठिपके हीच तिची जन्मपत्रिका असते. ते खोल करणे म्हणजे ताम्रपटावरील झिजलेली अक्षरे वाचता येत नाहीत म्हणून छिन्नीने पुन्हा कोरण्यासारखे आहे: अक्षर ठळक होते आणि दस्तऐवज खोटा होतो. अशा काठीचा गंज तेलाच्या फडक्याने थोपवावा, आणि तेवढ्यावर थांबावे.

आपल्या देशात हा प्रश्न थोडा निराळ्या रूपाने येतो. ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ चा. मुंबई इलाख्याचे नाव धारण करणारा चेंबूरचा क्लब १९२७ चा. येथे काठ्या प्रायः विलायतेहून येत, आणि स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाच्या निर्बंधांमुळे त्या दुर्मिळ व महाग राहिल्या. त्यामुळे एकच काठी सभासदाकडून त्याच्या धाकट्या भावाकडे आणि तेथून कॅडीकडे जाई, आणि प्रत्येक हातात दहा-दहा वर्षे राही. कॅडी म्हणून मैदानावर आलेल्या दिल्लीच्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली, तेव्हा या मैदानांच्या कडेला झिजल्या काठ्यांनी किती विद्या शिकली जात असेल याची कल्पना अनेकांना प्रथमच आली. आणि खाचांची गरज जिथे सर्वांत अधिक भासावी असे हवामानही आपलेच आहे: मृगापासून हस्तापर्यंत चेंबूरच्या किंवा येरवड्याच्या मैदानावरचे गवत क्वचितच कोरडे असते, आणि पावसात भिजलेल्या रफमधून चेंडू काढताना झिजलेली वेज जो दगा देते तो कोकणपट्टीच्या खेळाडूला समजावून सांगावा लागत नाही. त्याच हवेत उकरलेली कड किती लवकर गंजते, हेही त्यास ठाऊक असते.

म्हणूनच उकरणीआधी पाण्याकडे वळावे असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्या काठीच्या खाचा ‘गेल्या’ म्हणून माणसे हळहळतात, तिच्या खाचा पुष्कळदा भरलेल्या असतात. वाळलेली माती, गवताचा रस आणि जुन्या तेलाची पुटे यांचा घट्ट लगदा तळाशी बसून खोली निम्मी करून टाकतो. कोमट पाणी, साधा साबण, नायलॉनचा ब्रश, आणि हट्टी जागी लाकडाची टोकदार काडी, एवढ्यावर काम भागते. पितळी ब्रशही मुलाम्यावर जपूनच वापरावा. मुख स्वच्छ पुसून कोरडे करावे आणि मग बंकरकडे लक्ष द्यावे, कारण खाचेची कड झिजविणारी मुख्य वस्तू चेंडू नसून वाळू आहे. वाळूतील क्वार्ट्झ काठीच्या पोलादाहून कठीण असते. ज्यास आपली आवडती वेज राखावयाची आहे त्याने वाळूतील सराव दुसऱ्या, जुन्या काठीने करावा.

आणि धुऊनही मध्यभागी नख अडकत नसेल, तर एका ओल्या सकाळी रफमधून दहा चेंडू त्या काठीने आणि दहा एखाद्या मित्राच्या नव्या काठीने मारून, ते ग्रीनवर पडल्यापासून किती पावले धावतात हे मोजावे. अंतर दोन-तीन पावलांचे निघाले तर काठी आहे तशी राहू द्यावी आणि फटका तेवढा आखूड मारण्याची सवय करावी. दहा-बारा पावलांचे निघाले तर ती काठी कोपऱ्यात उभी करून नवी घ्यावी, आणि जुनी वाळूतल्या सरावासाठी ठेवावी.